दोन रकाने

एकोणीस वर्षं माझ्या वहीला मधोमध रेघ होती.
डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड.
साहेब येळ्ळूरच्या सभेत काय बोलले, ते डावीकडं.
त्याच संध्याकाळी बैलहोंगलात काय बोलले, ते उजवीकडं.
रात्री तिसऱ्या गेटाजवळच्या कचेरीत
दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचले
की बातमी आपली आपण उभी राहायची.
मला फारसं लिहावं लागायचं नाही.

'बघू' आणि 'नोडोण',
दोन्हींचा अर्थ 'नाही'.
हे मला कुठल्या आमदारानं शिकवलं नाही,
टँकरच्या रांगेतल्या बायकांनी शिकवलं,
घागरीवर बसून, हसत हसत.

डिसेंबरात अधिवेशन भरलं होतं.
सौधाच्या पायऱ्यांवर साहेबांनी
माझा रेकॉर्डर हातानं बाजूला सारला
आणि गर्दी पांगल्यावर चहा पाठवला.
मी तो प्यायले नाही.
खोटं कशाला, अर्धा प्यायले. थंडी होती.

मग पहिल्या पानावर साहेबांचा वाढदिवस,
पूर्ण पान, हारासकट.
पाचव्या पानाच्या तळाला माझी बातमी.
आणि तीन महिन्यांचा पगार?
बेळगुंदकर सर चष्मा पुसत म्हणाले,
नोडोण.

निरोप साहेबांचाच आला.
म्हणाले, तू मला सातदा पकडलीस,
मी मोजलंय.
शिवण कुठं उसवते हे तुझ्याइतकं
माझ्या शिंप्यालाही ठाऊक नाही.

आता काँग्रेस रोडला, दुसऱ्या मजल्यावर, काचेची कचेरी.
शालन मुतगेकर, संवाद सल्लागार.
कार्डावर नाव तीन लिप्यांत.
ज्या गावानं पाट्यांवरून दगड खाल्ले
त्या गावात या कार्डाला
अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

आप्पा वडगावात मागावर बसलेले.
"म्हणजे आता काय करुलीस तू?"
कसं बोलायचं ते सांगते.
"कुणाला?"
ज्यांना बोलायचंय त्यांना.
"ते तर बोलूनच मोठे झालेत की गं."
मग माग थांबवला,
साडीचा पदर उलटा करून गाठी दाखवल्या,
परत सुलटा केला,
आणि काहीच म्हणाले नाहीत.
मीच अर्थ लावत बसले, घरी येईपर्यंत.

काम तसं ओळखीचंच आहे.
वही तीच, रेघ तीच.
फक्त पूर्वी मी सभेनंतर लिहायचे,
आता सभेआधी.
हात थरथरेल असं वाटलं होतं.
थरथरला नाही. त्याचंच जरा वाईट वाटलं,
तेही पहिल्या पगारापर्यंत.

काल भैरू सावगावकरचा फोन.
माझ्या जागेवर घेतलेला पोरगा,
अजून नावांच्या इनिशियलमध्ये चुकतो.
"ताई... म्याडम,
ओढ्यातल्या काळ्या पाण्याबद्दल विचारायचं होतं.
साहेब गोकाकात म्हणाले, कारखाना एक दिवस थांबणार नाही.
खानापुरात म्हणाले, लोकांच्या ओढ्यापुढं कारखाना काय चीज.
दोन्हीकडं मी होतो. मोटारसायकल पंक्चर झाली तरी होतो.
प्रतिक्रिया मिळेल?"

गोकाकचं वाक्य मी सकाळी लिहिलं होतं.
खानापूरचं दुपारी, जेवायच्या आधी.
'काय चीज' हे तर खास माझं,
त्यावर टाळ्या पडल्याचंही कळलं होतं.

शाबास भैरू, असं अगदी ओठांवर आलं.
म्हटलं, नोडोण.

तो हसला नाही.
"असंच छापू?" म्हणाला,
आणि पलीकडं पान उलटल्याचा आवाज आला.

ती वही मीच दिली होती त्याला,
निघायच्या दिवशी,
कोरी,
पहिल्या पानावर रेघ आखून.